शरदातलं कपाट: पावसाळ्यानंतर साड्या, ब्लाउज आणि रोजच्या कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत घरच्या घरी फॉल-पिको, ब्लाउज आणि अल्टरेशनचं काम करायला लागून मला अठरा वर्षं झाली. अनंत चतुर्दशी उलटली की फोन वाजायला लागतात आणि दारात पिशव्या घेऊन बायका येतात. कुणाच्या साडीला बुरशी आलेली असते, कुणाचा ब्लाउज चढत नसतो, कुणाला नऊ रंगांपैकी सहाच सापडलेले असतात. प्रश्न दर वर्षी साधारण तेच. सणासुदीला कपाट नवं करायचं म्हणजे आधी दुकान गाठायचं, असं बऱ्याच जणींना वाटतं. मी मात्र प्रत्येकीला सांगते, आधी घरातलं सगळं बाहेर काढा, दुरुस्त करून घ्या, मग काय कमी आहे ते आपोआप दिसेल. ते कसं करायचं, हे इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

कपाट आवरायला कधी काढू? गणपतीनंतर लगेच, की दसऱ्याच्या तोंडावर?

दोन टप्प्यांत काढा. पितृपक्षात बऱ्याच घरांत नवी खरेदी करत नाहीत. तो पंधरवडा जुन्या कपड्यांना द्यायला अगदी योग्य. काय विरलंय, काय उसवलंय, काय घट्ट झालंय हे बघायचं आणि शिवणकामाची पिशवी वेगळी करायची. कपड्यांना ऊन-वारा दाखवायचं काम मात्र हवा कोरडी झाल्याशिवाय करू नका. सलग तीन-चार दिवस पाऊस नाही, दोरीवरचा टॉवेल दुपारपर्यंत कडक वाळतोय, असं झालं की समजा वेळ आली.

पंचांगाचं आणि पावसाचं दर वर्षी जमेलच असं नाही. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि पाऊस अजून होताच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती ११ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन ऑक्टोबर हीटमध्ये येते. त्यामुळे ‘दर वर्षी अमुक तारखेला कपाट’ असा नेम करू नका. सादळलेल्या हवेत साड्या उलगडून परत घडी घातल्या, तर ती ओल आपणच आत बंद करतो.

आवरायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

सगळं बाहेर. अर्धं बाहेर काढून अर्ध्याची फक्त घडी सारखी केली, तर उपयोग नाही. पलंगावर किंवा जमिनीवर धुतलेली चादर अंथरा आणि एकेक कप्पा रिकामा करा. रिकामा कप्पा आधी कोरड्या फडक्याने पुसा. कपाट लाकडी असेल आणि आतून कुबट वास येत असेल, तर दारं दिवसभर उघडी टाका, समोर पंखा लावून ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल, तर चार बोटं पुढे ओढा. आमच्या इमारतीत पावसाळ्यात बाहेरची भिंत ओली होते आणि ती ओल प्लायवूडमधून थेट कपड्यांत उतरते. कपाटाच्या मागच्या बाजूला हात लावून बघा, गार आणि चिकट लागलं तर तुमच्याकडेही तेच आहे.

मग एकेक कपडा उलगडून उजेडात धरा. साडी पूर्ण उलगडा, नुसती वरची घडी बघून ठेवू नका. मागच्या वर्षी एका ताईंची शेवाळी रंगाची रेशमी साडी माझ्याकडे फॉल बदलायला आली होती. वरून बघितली तर अगदी नवीकोरी. उलगडली तेव्हा आतल्या प्रत्येक घडीच्या रेषेवर रेशीम चिरलेलं. खिडकीसमोर धरली, तर त्या रेषेतून उजेडाची बारीक बारीक भोकं एका ओळीत दिसत होती. बारा वर्षं ती एकाच घडीत होती. लग्नात घडी मोडली, तेव्हापासून कुणी तिला हात लावला नव्हता. रेशमाचा धागा एकाच जागी दुमडून वर्षानुवर्षं दाबला गेला, की तिथे तो तुटतोच. जरीचा काठ असेल तर आणखी लवकर, कारण जरीला रेशमाइतका लवचिकपणा नसतो. वर्षातून निदान दोनदा-तीनदा घडी बदला. एकदा पदर आत, एकदा बाहेर. एकदा चार पदरी घडी, एकदा तीन पदरी. फार भारी साडी असेल, तर पुठ्ठ्याच्या नळीला मलमल गुंडाळून तिच्यावर साडी गुंडाळून ठेवणं सगळ्यात चांगलं.

रेशमाला आणि गडद रंगाला थेट ऊन नको. सावलीत, वाऱ्यावर दोन तास पुरतात. सुती कपडे, गोधड्या, शाली, चादरी यांना सकाळचं कोवळं ऊन खुशाल द्या.

साडीवर पांढरे-हिरवे ठिपके पडलेत. बुरशी आहे का? घरी जाईल?

बोटाने हलकंसं झटकलं आणि भुकटीसारखं उडालं, कुबट वासही आला, तर बुरशीच आहे. ती घरात झटकू नका, गॅलरीत न्या. ती भुकटी म्हणजे बुरशीची बीजं असतात आणि पंख्याच्या वाऱ्याने ती उरलेल्या कपड्यांवर जाऊन बसतात.

सुती कपडा असेल तर सोपं आहे. कोरड्या ब्रशने झटका, उन्हात टाका, मग साबण घालून कोमट पाण्यात नीट धुवा आणि पुन्हा उन्हात वाळवा.

रेशमी असेल तर पाणी, लिंबू, अत्तर, काही लावू नका. सावलीत वारा द्या, वाळल्यावर मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झाडा आणि ड्रायक्लीनरकडे देताना ठिपके कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवा. ब्लीच तर रेशमाजवळ आणूच नका. आपले केस आणि लोकर जशी प्रथिनांची बनलेली, तसंच रेशीमही. क्लोरीनवालं ब्लीच हे प्रथिन विरघळवतं. डाग जाईल तसं कापडही जाईल.

ठिपके पिवळे-तपकिरी झाले असतील, तर ते बहुधा कायमचे. हे समोरच्या बाईला सांगणं मला दर वेळी जड जातं, पण खोटी आशा दाखवून तिचे पैसे घालवण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक गोष्ट जूनमध्येच करायची असते: कांजी केलेली सुती साडी पावसाळ्याआधी कधीही तशीच ठेवू नका. खळ म्हणजे बुरशीचं आणि कसरीचं जेवण. धुऊन, खळ काढून ठेवा. कांजी परत करायची ती नवरात्राआधी.

साडीची जर काळी पडली आहे. टूथपेस्टने किंवा चिंचेने घासू का?

नका. अगदी हात जोडून सांगते.

जर कशी असते ते आधी बघा. आत रेशमाचा किंवा सुताचा धागा, त्यावर गुंडाळलेली चपटी बारीक तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. अस्सल जरीत ही तार चांदीची, स्वस्त जरीत तांब्याची. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते, तांबं ओलीने. टूथपेस्टने घासलं की वरचा मुलामाच निघून जातो, आणि चिंचेची आंबटाई आतल्या धाग्यात राहून त्याला कुजवते. दोन दिवस चकाकी दिसते, मग पहिल्यापेक्षा काळी होते.

काळी का पडली ते शोधलं, तर पुढचं नुकसान तरी टळतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. मोरपंखी रंगाची एक साडी आली होती, मलमलीत छान गुंडाळलेली, फक्त वरून रबरबँड लावलेला. रबरात गंधक असतं. मलमल ओलांडून तो काळेपणा आत उतरला होता. दोन बोटं रुंद पट्टा, प्रत्येक घडीवर, बरोबर त्याच जागी. रबराऐवजी सुती नाडी बांधली असती, तर ती साडी आजही तशीच राहिली असती. दुसरं कारण अत्तर आणि डिओ, जे साडी नेसून झाल्यावर वरून मारतात. तिसरं म्हणजे दुकानातून आलेली प्लास्टिकची पिशवी. ती साडी आणण्यापुरती असते, ठेवण्यापुरती नाही. काळपट झालेली जर पॉलिशवाल्याकडे दाखवा. तांब्याची असेल तर फारसा फरक पडणार नाही, हे आधीच मनाशी धरा.

डांबरगोळ्या ठेवाव्यात की नाही?

मी ठेवत नाही. ठेवायच्याच असतील, तर कापडाच्या पुरचुंडीत, कप्प्याच्या कोपऱ्यात, साडीला न चिकटता. कापूर आणि डांबरगोळी एकाच पुरचुंडीत कधीच नको. दोन्ही एकत्र आले की उन्हाळ्याच्या उष्म्यात पाझरतात आणि तेलकट डाग पडतात.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. बारशाला आजीच्या ट्रंकेतून कुंची काढतात, झबलं काढतात आणि तसंच बाळाला घालतात. ते कपडे वर्षभर डांबरगोळ्यांत राहिलेले असतात. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता काही बाळांना जन्मतः असते, आणि अशा बाळांच्या लाल पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने फुटतात. कावीळ वाढते, जिवावर बेतू शकतं. बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे घरात बहुधा कुणाला माहीत नसतं. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. आधीपासून ठेवलेली असेल, तर कुंची धुऊन, दोन-तीन दिवस उन्हा-वाऱ्यात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच घाला.

त्याऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी बदला, वास गेला की उपयोगही गेला. आणि पाला नीट वाळलेला हवा. ओला पाला ठेवून साडीला डाग पाडून घेतलेल्या दोघी-तिघी मला माहीत आहेत.

नवरात्रीचे नऊ रंग पूर्ण करायला नऊ साड्या घ्यायच्या का?

मुळीच नाही. नऊ रंगांची प्रथा आपल्या पणजीच्या वेळी नव्हती. वर्तमानपत्रांनी गेल्या पंचवीस वर्षांत ती घराघरांत आणि लोकलच्या डब्याडब्यांत पोहोचवली. मला ती आवडते. सकाळच्या गाडीत अख्खा डबा एका रंगाचा होतो, अनोळखी बायका एकमेकींकडे बघून हसतात, हे सुख थोडं नाही. पण त्यासाठी कर्ज नको.

रंग वारावर ठरतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. सात वार संपले की उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले दोन येतात. म्हणजे सात रंग दर वर्षी तेच, फक्त क्रम बदलतो. हे एकदा लक्षात आलं की यादी येईपर्यंत थांबावं लागत नाही.

कपाट बाहेर काढलेलं असतानाच रंगांप्रमाणे ढीग लावा. लाल, हिरवा, पिवळा बहुतेक घरांत निघतोच. अडतो तो करडा आणि केशरी. त्यासाठी साडी न घेता ओढणी किंवा ब्लाउज घ्या. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या साडीवर करडा ब्लाउज, पिवळ्या साडीवर केशरी, एवढ्याने भागतं. आमच्या मजल्यावर आम्ही चौघी आहोत आणि आमच्या चौघींचं मिळून एकच केशरी इरकल आहे. एकीचं कार्यालय सकाळी, दुसरीचं दुपारी, आणि भोंडल्याला तिसरी.

ऑक्टोबरच्या उकाड्यात काय नेसावं? भारी साडीत जीव घाबरतो.

दिवसा सुती, रात्री रेशीम. मुंबई-ठाण्याकडे ऑक्टोबरात पारा तेहेतीस-पस्तीसला जातो आणि हवेत ओल असते. नागपूर-संभाजीनगरकडे ऊन कडक पण रात्री सुखाच्या. पुण्या-नाशकाला दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला अंग शहारतं, आणि त्याच दिवशी दुपारी पंखा लागतो. त्यामुळे ‘हिवाळी’ असं काही घ्यायची घाई नको. एक शाल, एक पातळ स्वेटर खालच्या कप्प्यातून वर आणला की झालं.

सुती इरकल या दिवसांचा राजा. टोप पदर, लाल-पांढरा, सणाला शोभतो आणि अंगाला सुटसुटीत वाटतो. नवीन असेल तर पहिल्यांदा एकटाच, थंड पाण्यात धुवा. लाल रंग सुटतो का ते बघायला पांढरा रुमाल ओला करून पदराच्या कोपऱ्यावर दाबून ठेवा. मीठ घातल्याने रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, पण ज्याचा रंग कच्चा तो कच्चाच. त्याच्यावर खणाचा ब्लाउज. इरकल आणि गुळेदगुड्डचा खण, दोन्ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले शेजारी, त्यामुळे त्यांची जोडी जुळते यात नवल नाही. मंगळगिरी, सुती नारायणपेठ, माहेश्वरी याही चालतील. गोव्याकडच्या मैत्रिणींकडे कुणबी साडीची तांबडी चौकट असते. ती भोंडल्यात एकदा नेसून बघा, नजर हटत नाही.

रेशीम नेसायचंच असेल, तर ब्लाउजचं अस्तर सुती हवं आणि परकर पॉपलिनचा. चमकदार सिंथेटिक परकर आणि वरून रेशीम, यात हवा खेळायला जागाच राहत नाही. काखेला स्वेट पॅड शिवून घ्या, धुवायला काढता येतात.

मागच्या दिवाळीचा ब्लाउज चढत नाही. नवीनच शिवू का?

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी ब्लाउज उलटा करा आणि बाजूच्या शिवणीत आत किती कापड आहे ते बघा. नीट शिवलेल्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच मार्जिन असतं, आणि आत दोन-तीन समांतर टाके मारलेले असतात. अंगाच्या सगळ्यात जवळच्या टाक्यापासून सुरुवात करून एकेक टाका उसवत गेलं की ब्लाउज सैल होतो. हे तुम्ही घरी, ब्लेड न वापरता, उसवणीने करू शकता. रेशमी ब्लाउजला मात्र उसवल्यावर सुईची भोकं ओळीने दिसतात, आणि आतलं कापड उजळ, बाहेरचं विटलेलं असं दिसतं. वाफेच्या इस्त्रीने भोकं थोडी मिटतात, रंगातला फरक मिटत नाही. तो काखेखाली येतो, हात खाली असला की दिसत नाही. काळजी करू नका.

मार्जिन नसेल तर काखेत कळी घालता येते. साडीच्या आतल्या बाजूचा, निऱ्यांत लपणारा थोडा तुकडा काढून कळी घातली की रंग तंतोतंत जुळतो. हुकपट्टी पुढे सरकवून अर्धा-पाऊण इंच मिळतो. बाही घट्ट असेल तर आतून लांबट पट्टी घालून काठ परत लावता येतो. खांदा आणि गळा बिघडला असेल तर मात्र मी स्पष्ट सांगते, यावर खर्च करू नका.

नवीन शिवायला टाकताना दोन गोष्टी सांगायच्या. मार्जिन सोडा, दोन्ही बाजूंना, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. आणि अस्तर आधी पाण्यातून काढा. न धुतलेलं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि मग चुण्या पडून ब्लाउज अंगावर ओढला जातो. मग बायकांना वाटतं आपण जाड झालो. किती जणींचा जीव या एका गोष्टीपायी उगाच खट्टू झालेला मी बघितला आहे!

टेलरकडे कधीपर्यंत द्यावं?

दुरुस्ती घटस्थापनेच्या आठवडाभर आधी, नवीन ब्लाउज दसऱ्याच्या आत. त्यानंतर ‘वसुबारसेला हवाय’ म्हणून आलात, तर घाईत शिवलेलं मिळेल. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनवर असतो.

यंदा पैठणी घ्यायची आहे. हातमागाची कशी ओळखू?

पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचे मोर, पोपट, कमळ, आसावली हे वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांच्या छोट्या काड्यांनी, एकेक धागा एकमेकांत अडकवत विणलेले असतात. त्यामुळे पदर उलट-सुलट जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत पाठीमागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात, किंवा ते लपवायला जाळी लावलेली असते. बोट फिरवलं की कळतं. हाताने विणताना कुठे एखादा मोर किंचित बारीक, कुठे काठ केसभर वाकडा, असं होतंच. ती खोड समजू नका.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पैठण आणि येवला ही तिची दोन घरं, आणि आज सगळ्यात जास्त माग येवल्यात चालतात. जमलं तर एकदा जाऊन माग चालताना बघा, मग किमतीवर घासाघीस करायला तोंड उघडत नाही. पदर भरलेला असेल, तर एका साडीला महिनेच्या महिने लागतात. दीड-दोन हजारांत मिळते ती हातमागाची असूच शकत नाही. ती घेऊ नका असं मी म्हणत नाही. यंत्रमागाची म्हणून, यंत्रमागाच्या किमतीत घ्या.

सिल्क मार्कचं लेबल बघा, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. कापड शुद्ध रेशमाचं आहे, एवढंच ते सांगतं. माग कुठला आणि जर कसली, ते त्यावरून कळत नाही. शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

विदर्भातल्या मैत्रिणींनी करवतकाठी विसरू नये. टसर रेशमाचा मूळ मधाळ रंग आणि काठावर करवतीचे दात, लग्नाला पैठणीच्या तोडीस तोड उठून दिसते, आणि तिच्या विणकरांना गिऱ्हाइकाची गरज जास्त आहे.

मी साडी नेसतच नाही. ऑफिसला कुर्ते आणि पँट. मला यातलं काय लागू?

बुरशी, कुबट वास, घडी, डांबरगोळी सगळंच लागू. शिवाय पावसाळ्यात काढलेले सिंथेटिक कुर्ते आणि काळ्या लेगिंग आता बाजूला करा, त्यांत घाम साठून पुरळ येतं. सुती आणि लिननचे सैल कुर्ते वर आणा. लेगिंगचं इलॅस्टिक ताणून बघा, करकर आवाज आला तर ते गेलं. सणासाठी एक चांगली ओढणी घ्या, इरकली किंवा पैठणी काठाची. साध्या पांढऱ्या कुर्त्यावर ती घेतली की दसऱ्याचं सोनं वाटायला जाता येतं.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे ऑक्टोबरात गरब्याला थंडी वाजते.

अंगाच्या रंगाची पातळ थर्मल ब्लाउजच्या आत आणि परकराखाली लोकरी लेगिंग. मापं देताना थर्मल घालूनच द्या, म्हणजे ब्लाउज आवळणार नाही. हीटरच्या कोरड्या हवेत साडी पायाला चिकटते, त्यासाठी परकर सुती घ्या. ऑस्ट्रेलियातल्या भाच्या मला फोन करतात तेव्हा त्यांच्याकडे आश्विनात वसंत असतो, त्यांना सुती इरकलच बरं.

पर्स आणि चपलांचं काय?

रेक्झिनच्या पर्सचे पोपडे निघत असतील तर ती दुरुस्त होत नाही. ओलीने वरचा थर कुजलेला असतो, रंग लावून थांबत नाही. चामड्याच्या कोल्हापुरीवर बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत दोन दिवस ठेवा आणि मग खोबरेल किंवा एरंडेलाचं बोट फिरवा, अगदी थोडं.

आईच्या जुन्या साड्या कापून ड्रेस शिवावेत का?

धडकी, म्हणजे न विरलेली, असेल तर कापू नका. हे माझं ठाम मत आहे, आणि त्यापायी मी कामं परत पाठवली आहेत. साडी धडकी आहे का ते असं बघा: पदराजवळचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आडव्या धाग्याच्या दिशेने हलकं ताणा. कुरकुरलं किंवा चीर गेली, तर ती नेसण्याजोगी नाही. चीर गेली नाही, तर फॉल बदला, पॉलिश करा आणि नेसा.

चिरलेली असेल तेव्हा काठ आणि पदर बहुधा चांगला असतो, विरतं ते मधलं अंग. ते नव्या कापडावर लावून साडी परत उभी करता येते, किंवा लेकी-नातींना परकर-पोलकं. सुती असेल तर गोधडी. थरावर थर घालून धावदोरा मारला की आईच्या सहा-सात साड्या एका पांघरुणात येतात. गेल्या वर्षी माझ्याकडे एकीने तिच्या आईच्या साड्या आणल्या होत्या. आई जाऊन सहा महिने झाले होते. एका पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीत दहा रुपयांची घडी घातलेली नोट. तो पदर आम्ही गोधडीत तसाच, गाठीसकट शिवला.

नको असलेल्या कपड्यांचं काय करू?

बोहारीण अजून तुमच्या गल्लीत येत असेल, तर तिला द्या. कपडे देऊन भांडी घेण्याचा हा व्यवहार फार जुना आहे आणि त्या बायकांना कापडाची पारख आपल्याहून जास्त. त्या ते धुऊन, रफू करून, विकून घर चालवतात. दहा पँटी आणि पाच साड्या देऊन हंडा मागू नका. देताना कपडे धुतलेले असावेत, फाटलेले अंतर्वस्त्रांचे ढीग त्यात खुपसू नयेत. मोलकरणीला दिवाळीला जुनी साडी देणार असाल, तर ती बोनसच्या ऐवजी देऊ नका.

भाऊबीज झाली. आता साड्या लगेच कपाटात ठेवू?

लगेच नाही. अंगावरून उतरवलेली साडी रात्रभर दोरीवर, पंख्याखाली राहू द्या. सकाळी उजेडात डाग बघा. चकलीचं तेल, अत्तर, उटणं, कुंकू. तेलावर टाल्कम पावडर टाकून तासाभराने झाडा. कुंकवाला पाणी लावू नका, पसरतं, कोरडंच झाडा आणि उरलं तर ड्रायक्लीनरला दाखवा. ब्लाउज घामाचा असतो, तो साडीच्या घडीत घालून ठेवायची सवय मोडा. घाम जरीलाही लागतो आणि रेशमालाही. डिओ पूर्ण वाळल्याशिवाय ब्लाउज घालू नका, हेही त्याच कारणाने.

तुळशीची लग्नं लागली की लोकांच्या घरची लग्नं सुरू होतात, त्यामुळे दोन-तीन साड्या वरच ठेवा. बाकीच्या जुन्या धुतलेल्या मलमलीच्या धोतरात किंवा सुती ओढणीत गुंडाळा, सुती नाडीने बांधा. आत कागदाची एक चिठ्ठी टाका: साडी कुठली, कधी घेतली, घडी शेवटची कोणत्या तारखेला बदलली. पेन्सिलीने लिहा, शाई उतरते. पुढची घडी संक्रांतीला, काळी चंद्रकळा काढाल तेव्हा.